तेरा वर्षांचा गॅप आणि जीएनएमचा फॉर्म

काल रात्री साडेअकराला जीएनएमचा, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाचा, फॉर्म एकदाचा सबमिट झाला. मेसेज आला तेव्हा घरात सगळे झोपलेले होते. मी ओट्यावर जाऊन बसले आणि तो मेसेज चार वेळा वाचला.

मी चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, आशा, म्हणजे गावातली आरोग्य स्वयंसेविका, म्हणून काम करते. वय ३१. बारावी २०१२ ला झाले, आर्ट्स, ५६ टक्के. निकालाच्या पुढच्याच महिन्यात लग्न झालं. पोरगी आता चौथीत आहे, पोरगा पहिलीला जातो. मालक शेती करतात, थोडी केळी, बाकी कापूस. नर्सिंग करायचं हे बारावीला असताना डोक्यातही नव्हतं. ते आलं एका रात्रीमुळे, तेव्हा आधी तीच सांगते.

तीन वर्षांपूर्वीचा श्रावण. पाड्यावरच्या एका बाईला कळा लागल्या म्हणून तिला घेऊन उपकेंद्रावर आले. तिचं हे तिसरं बाळंतपण. बाळ नीट झालं, रडलं, वारही पडली. मी बाळाला पुसून फडक्यात गुंडाळत होते, तेवढ्यात सिस्टर म्हणाल्या, "बॅटरी इकडे धर." खाली रक्त थांबत नव्हतं. सिस्टरांनी ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन आधीच दिलेलं होतं. त्यांनी बेंबीच्या खाली तळहात रोवला आणि गोल गोल चोळायला लागल्या. दुसरीकडे १०८ ला फोन, सलाईन, बाईशी बोलणं, सगळं चालू, पण तो हात काही थांबला नाही. थोड्या वेळाने त्यांनी माझा हात ओढून तिथे ठेवला. "बघ, आता कडक लागतंय ना? मघाशी कणकेच्या गोळ्यासारखं होतं." खरंच, हाताखाली कवठासारखं गोल, टणक लागत होतं. बाळंतपणानंतर गर्भपिशवी आवळली की रक्त थांबतं आणि ती सैल राहिली की बाई हातची जाते, हे ट्रेनिंगमध्ये ऐकलेलं होतं. हाताला ते त्या रात्री कळलं. ती बाई वाचली. आता ते पोर अंगणात कोंबड्यांमागे पळतं.

आशाचं काम लहान आहे असं मी कधीच म्हणणार नाही. दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी मी जाते. काट्याच्या झोळीत बाळ टाकून वजन घेते, काखेत थर्मामीटर लावते, नाळ बघते, आई पाजते कशी ते बघते. एकोणीसशे ग्रॅमचं बाळ आईच्या छातीशी उघडं बांधून ठेवायला लावलं आणि बेचाळिसाव्या दिवशी ते तीन किलोच्या जवळ गेलेलं पाहिलं. पण रक्त वाहायला लागलं की माझ्या हातात बॅटरी असते आणि सिस्टरच्या हातात इंजेक्शन. मला ते इंजेक्शन देता यायला हवं.

सिस्टरांनाच विचारलं, आता काय करता येईल? त्यांनी सरळ सांगितलं. बी.एस्सी. नर्सिंगला बारावी सायन्स लागते, ते दार बंद. एएनएम हा नर्सिंगचा छोटा कोर्स दोन वर्षांचा, जीएनएम तीन वर्षांचा. जीएनएमला कुठल्याही शाखेची बारावी चालते, इंग्रजी विषय हवा आणि ४० टक्के हवेत. वयाची अट ३५ पर्यंत. जीएनएम झालं, नोंदणी झाली की पुढे दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग करून डिग्रीही घेता येते. मी बोटं मोजली. चार वर्षं शिल्लक होती. आमच्या भागात कितीतरी बायांना वाटतं की लग्न झालं, वय झालं, आता कोण घेतं. सायन्स नव्हतं म्हणून नर्सिंग विषयच सोडून दिलेल्या तर मला तिघीजणी माहीत आहेत. बायांनो, आधी अट नीट विचारून घ्या.

अभ्यासाची भीती होती, पण सगळ्यात जास्त छळलं कागदांनी. लग्न झालेल्या बाईच्या जातीचा दाखला माहेरच्या कागदांवर निघतो. नॉन-क्रिमीलेयरलाही आई-वडिलांचंच उत्पन्न बघतात, नवऱ्याचं नाही. हे मला तहसीलच्या आवारात उभं राहिल्यावर कळलं. आणि ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो. माझ्या वडिलांचा जन्मच त्यानंतरचा. म्हणजे आजोबांपर्यंत जाणं आलं.

माहेर अमळनेर तालुक्यात. दिवाळीला गेले तेव्हा नानांना, म्हणजे वडिलांना, घेऊन गावच्या जिल्हा परिषद शाळेत गेले. सुट्टी असूनही हेडमास्तर आले, त्यांचे उपकार विसरणार नाही. कपाटातून जुनं जनरल रजिस्टर काढलं. पानं पिवळी पडून कडेला कुरतडलेली, शाई तपकिरी झालेली. एकेक ओळ बोटाने खाली सरकवत गेलो. १९५३ च्या पानावर आजोबांचं नाव सापडलं, पुढे त्यांच्या वडिलांचं नाव, जात माळी. नाना शेजारी उभे होते. ते काही बोलले नाहीत, चष्मा काढून पुसला आणि परत लावला. त्याच ओळीत शेवटचा रकाना होता शाळा सोडल्याच्या कारणाचा. त्यात लिहिलेलं होतं, "शेतकाम". आजोबा चौथीतच शाळेतून निघाले होते. एवढ्या वर्षांत घरात कुणीच मला हे सांगितलं नव्हतं.

त्या उताऱ्यावर दाखला निघाला. पुढे व्हॅलिडिटीला, म्हणजे जात पडताळणीलाही, हाच कागद कामाला येतो, तेव्हा ज्यांना अर्ज करायचाय त्यांनी माहेरचे कागद आताच गोळा करून ठेवा. फॉर्म सुटल्यावर धावपळ केली तर होत नाही. दुसरा घोळ नावाचा. मार्कशीटवर वडिलांचं नाव, आधारवर नवऱ्याचं. विवाह नोंदणीचा दाखला आमच्याकडे नव्हताच, लग्नाला तेरा वर्षं झाल्यावर तो काढला. मालक एक दिवस पाणी भरायचं सोडून ग्रामपंचायतीत येऊन बसले. नुसत्या सही-अंगठ्यासाठी.

मधल्या काळात एका एजंटचा फोन आला. डायरेक्ट ॲडमिशन, हजेरी लावायची गरज नाही, फक्त परीक्षेला यायचं, पैसे हप्त्याने. ऐकायला गोड होतं, खोटं कशाला बोलू. घर-पोरं सांभाळून होणार होतं. सिस्टरांना सांगितलं तर त्या रागावल्याच. "वॉर्डात उभी न राहता नर्स कशी होशील? आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी मिळाली नाही तर त्या सर्टिफिकेटचं करशील काय?" कॉलेज मान्यताप्राप्त आहे का, त्याला स्वतःचा दवाखाना किंवा जोडलेला दवाखाना आहे का, किती खाटांचा, हे त्यांनी मला वहीत लिहून दिलं. त्या यादीत न बसलेली दोन नावं मी खोडली. हातात पैसे कमी असलेल्या बाईलाच असे फोन जास्त येतात, याचा मला फार राग येतो.

आणि मग गॅपचं, म्हणजे मधली वर्षं शिक्षण का थांबलं त्याचं, प्रतिज्ञापत्र. टायपिंगवाल्याकडे मजकूर तयारच असतो. त्याने माझं नाव टाकलं, वर्षं टाकली, प्रिंट काढून पुढे केली. "घरगुती अडचणींमुळे पुढील शिक्षण घेऊ शकले नाही व या काळात कोणतेही काम केलेले नाही." मी ती ओळ दोनदा वाचली. सहा वर्षं मी बाळांची वजनं केली, गरोदर बायांच्या नोंदी केल्या, कोविडमध्ये सर्व्हे करत दारोदार फिरले. त्याला म्हटलं, भाऊ, हे बदला. तो म्हणाला, ताई, सगळ्यांचं असंच असतं, कोणी वाचत नाही. मी म्हटलं, मी वाचलंय ना, खोट्या ओळीखाली मी सही करणार नाही. त्याने परत टाईप केलं, परत पैसे घेतले. "विवाह व अपत्यसंगोपन, तसेच २०१९ पासून आशा स्वयंसेविका म्हणून कार्यरत." तालुक्याहून कामाचा दाखला आणून मी सोबत जोडला.

घरी बोलणं बाकी होतं ते सासूबाईंशी. प्रवेश मिळाला तर तीन वर्षं पूर्णवेळ कॉलेज, आशाचं काम सोडावं लागणार, म्हणजे महिन्याचा मोबदला बंद. मुक्काम कदाचित जळगाव नाहीतर धुळ्याला. मी भाकरी थापता थापता सांगितलं, म्हणजे तोंडाकडे बघावं लागू नये. आक्का बराच वेळ शेंगा सोलत राहिल्या. मग म्हणाल्या, "तीन वरीस म्हंजे कितला? कापूसना तीन हंगाम. जाय तू. पोरेसले मी सांभाळसू." माझी तव्यावरची भाकरी करपली.

आता गुणवत्ता यादीची वाट बघायची. नाव लागेल की नाही, माहीत नाही. इंग्रजीची भीती आहे, म्हणून पोरीच्या पुस्तकापासून सुरुवात केलीय. रोज रात्री तिच्याबरोबर एक पान मोठ्याने वाचते. ती माझे उच्चार सुधारते. सिस्टरांनी त्यांचं जुनं ॲनाटॉमीचं पुस्तक दिलंय, त्यात गर्भाशयाच्या चित्राशी त्यांनी पेन्सिलीने काहीबाही लिहून ठेवलंय, ते मी आधी वाचते.

फॉर्मची प्रिंट, दाखले आणि आजोबांच्या नोंदीचा उतारा एका फाईलमध्ये घालून कपाटात वरच्या खणात ठेवलाय. उद्या सकाळी पाड्यावर जायचंय, एका बाळाचा चौदावा दिवस आहे. मागच्या भेटीला त्याचं वजन घटलेलं होतं. काटा आणि थर्मामीटर आताच पिशवीत भरून ठेवते.