निरंक

हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत आमच्या गट साधन केंद्राचा, म्हणजे तालुक्याच्या शिक्षण कार्यालयाचा, फोन सकाळी सकाळी वाजला, की नागपूरहून काहीतरी आलंय हे कळतं. त्या दिवशी सव्वाअकराला तारांकित प्रश्न आला, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा आमदारांचा प्रश्न. समग्र शिक्षा या केंद्र-राज्याच्या शालेय योजनेत दिव्यांग विद्यार्थी लाभापासून वंचित आहेत, हे खरे आहे काय, असल्यास, किती, निधीबाबत कोणती कार्यवाही केली, नसल्यास, विलंबाची कारणे काय. माहिती दुपारी तीनपर्यंत, आणि काहीच नसेल तर 'निरंक' कळवायचं.

प्रश्न रास्तच होता. अडलं ते 'किती'वर.

तालुक्यात एकाच गोष्टीचे तीन आकडे असतात. पहिला यू-डायस प्लस या शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीचा, जो वर्गशिक्षक भरतात. इथे चष्मा असलेलं मूलही 'अल्पदृष्टी' म्हणून नोंदलं जातं. खरं तर चष्मा लावूनही चांगल्या डोळ्याची दृष्टी ६/१८पेक्षा कमी असेल तरच ते अल्पदृष्टी. दुसरा आकडा यूडीआयडी कार्डांचा, म्हणजे प्रमाणपत्रावर मिळणाऱ्या दिव्यांग ओळखपत्रांचा, जो नेहमीच कमी. तिसरा आमच्या नोंदवहीचा, मुलांतलं दिव्यांगत्व ओळखायच्या 'प्रशस्त' ॲपवरच्या पडताळणीतून आलेला. शिक्षक पहिला भाग भरतात, दुसरा आम्ही विशेष शिक्षक मुलाला समोर बसवून भरतो. माझा विश्वास या तिसऱ्यावर आहे. पण विधानसभेच्या उत्तरात प्रमाणपत्राशिवाय मूल धरत नाहीत.

पैशाचा हिशेबही तिथूनच सुरू होतो. निकष दर मुलामागे वर्षाला ३५०० रुपये. ६०:४० प्रमाणात केंद्राचे २१००, राज्याचे १४००. दहा महिन्यांच्या शाळेत महिन्याला ३५० पडतात. तपासणी शिबिर, साहित्य, मदतनीस भत्ता, प्रवास भत्ता, सगळं यातच. मुलींचा महिना २०० रुपये प्रोत्साहन भत्ता तेवढा वेगळा. 'साहित्य वाटप पूर्ण' या रकान्यात काय दडतं, तेही सांगायला हवं. कानामागचं श्रवणयंत्र दिलं, नोंद झाली. त्याची बॅटरी आठ-दहा दिवसांत संपते. मूल वाढतं तसा कानातला साचा सैल होतो, यंत्र शिट्टी मारू लागतं आणि मूल ते काढून दप्तरात टाकतं. नवा साचा आणि बॅटऱ्या यांचा रकाना कुठल्याच तक्त्यात नाही.

दीडपर्यंत केंद्रप्रमुखांचे, म्हणजे आसपासच्या शाळांचा एकेक गट सांभाळणाऱ्यांचे, तक्ते आले. 'वंचित विद्यार्थी' या रकान्यात बहुतेकांनी लिहिलं होतं: निरंक. खोटं कुणीच लिहिलेलं नव्हतं. प्रमाणपत्र असलेल्यांतून लाभ मिळालेले वजा केले, की उत्तर शून्यच येतं. पण नोंदवहीत पाचवीतला एक मुलगा होता. तोंडी गणित झटपट करतो, पण फळ्यावरची ओळ उतरवताना 'घर'चं 'रघ' होतं. ही अध्ययन अक्षमता. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मधल्या २१ प्रकारांत ती आहे. सरकारी मार्गदर्शक सूचनांप्रमाणे प्रमाणपत्र वयाच्या आठ वर्षांनंतरच मिळतं, त्याआधी बुद्ध्यांक चाचणी, मग वाचन-लेखनाच्या चाचण्या. एका फेरीत हे होत नाही. आई ऊसतोडीला जाते. डिसेंबरात ती कारखान्याच्या फडावर आणि मुलगा आजीजवळ. जिल्ह्याच्या ठिकाणी दोन-तीन खेपा आजीच्यानं होणं शक्य नाही. चाळीस टक्के दिव्यांगत्वाचा कागद नाही म्हणून ३५०० त्याच्या वाट्याला येत नाहीत, आणि वंचितांतही त्याला धरत नाहीत.

मी गटशिक्षणाधिकारी साहेबांना म्हटलं, "सर, हे निरंक नाही." ते म्हणाले, "ताई, प्रमाणपत्राविना आकडा दिला तर खुलासा मलाच मागतील." त्यांचंही बरोबर होतं. पण इतकी भीती असेल तर प्रश्न विचारून आमदारांच्या हाती काय लागणार? शेवटी मुख्य उत्तरात तक्त्यातलाच आकडा गेला. मंत्र्यांसाठीच्या पूरक टिपणीत मी चार ओळी घातल्या: प्रमाणपत्राच्या प्रतीक्षेतली मुलं, प्रत्येकाचं कारण, कुठल्या चाचणीवर अडलंय ते. दोन पन्नासला मेल गेली.

प्रश्नोत्तराच्या तासात या प्रश्नाची पाळी आलीच नाही. उत्तर लेखी छापून आलं. पूरक टिपणी छापत नाहीत.

२०२४ मध्ये राज्यानं शाळांच्या केंद्रस्तरावर विशेष शिक्षकांची ४८६० पदं मंजूर केली. केंद्रात असा एक माणूस कायम असेल, तर आजीला एकटीला जावं लागणार नाही. त्या मुलाची बुद्ध्यांक चाचणी अजून व्हायची आहे. पुढच्या तपासणीच्या दिवशी एसटीनं त्या दोघांबरोबर जायचं ठरवलंय. नोंदवहीत त्याच्या नावापुढे मी पेन्सिलनं तारीख घातली आहे.