एक्झी चालते, पण फक्त आपल्याच मशीनवर

आपण बनवलेली एक्झी (प्रोग्रॅमची चालणारी फाइल) दुसऱ्या विंडोज मशीनवर उघडली आणि 'व्हीसीरनटाइम१४०.डीएलएल सापडली नाही' असा मेसेज आला (डीएलएल म्हणजे प्रोग्रॅमला लागणारी लायब्ररी फाइल), की ती एकटी फाइल कुठल्या तरी साइटवरून उतरवायचा मोह होतो. आवरा. हवं असतं ते मायक्रोसॉफ्टचं व्हिज्युअल सी प्लस प्लस रीडिस्ट्रिब्युटेबल, म्हणजे अशा फाइल्स मशीनवर बसवणारं पॅकेज. व्हिज्युअल स्टुडिओ २०१५ ते २०२२ मध्ये बनवलेल्या प्रोग्रॅमना एकच पॅकेज पुरतं. एक्झी ३२ बिटची असेल तर एक्स८६ चं (३२ बिटचं) पॅकेजच टाका, मशीन ६४ बिटचं असलं तरी. ६४ बिट विंडोजमध्ये सिस्टम३२ फोल्डरात ६४ बिटच्या डीएलएल असतात आणि ३२ बिटच्या सिसवाव६४ मध्ये! नावावर भुलून हाताने कॉपी केली, की शेवटी '७बी' असलेला एरर ठरलेला.

मेसेजमधल्या फाइलच्या नावात '१४०डी' असेल तर तुम्ही डिबग बिल्ड (चुका शोधण्यासाठीची आवृत्ती) पाठवलाय. ती फाइल त्या पॅकेजमध्ये नसतेच. रिलीजमध्ये (इतरांना द्यायच्या आवृत्तीत) पुन्हा बिल्ड करा.

काय काय लागतं ते आधीच बघायचं तर व्हिज्युअल स्टुडिओच्या डेव्हलपर कमांड प्रॉम्प्टमध्ये ही कमांड द्या: डम्पबिन, स्लॅश डिपेंडंट्स, पुढे एक्झीचं नाव. मात्र प्रोग्रॅम चालू झाल्यावर उचलले जाणारे प्लगइन त्यात दिसत नाहीत. क्यूटी या प्रोग्रॅमच्या खिडक्या-बटणं बनवायच्या लायब्ररीची क्यूविंडोज.डीएलएल त्यातलीच, ती एक्झीशेजारच्या 'प्लॅटफॉर्म्स' फोल्डरात हवी. क्यूटीचंच विंडिप्लॉयक्यूटी हे टूल चालवलं की ती आपोआप तिथे जाते.