डिपस्टिकवर वाढलेलं तेल

कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं गॅरेज आहे. डिसेंबरातल्या एका सकाळी आमचे नववीचे विज्ञानाचे सर गाडी घेऊन आले. गाडी कशीबशी रांगत पोचली होती. ॲक्सिलरेटर दाबला तरी जोर घेईना, आणि डॅशबोर्डवर दोन दिवे पेटलेले.

"पहिला दिवा पंधरा दिवस झाले लागलाय. गाडी चालत होती, म्हणून म्हटलं सर्व्हिसिंगला दाखवू," सर म्हणाले. "पण इंजिन चांगलं आहे हं. ऑइल एक थेंब कमी होत नाही. उलट वाढल्यासारखंच दिसतंय."

ते ऐकून माझ्या पोटात गोळा आला. बॉनेट उघडून डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी बघायची पट्टी, काढली, पुसली, परत घातली. ऑइल वरच्या खुणेच्याही बोटभर वर. दोन बोटांत चोळलं तर पाण्यासारखं पातळ, आणि वास सरळ डिझेलचा. एक थेंब वर्तमानपत्राच्या कागदावर टाकला. काळ्या ठिपक्याभोवती पिवळट, तेलकट कडं पसरत गेलं. सर चष्मा वर करून ते बघत राहिले.

"हे डिझेल आत आलं कुठून?"

सरांच्या घरी पूर्वी गुऱ्हाळ होतं, म्हणून तिथूनच सुरुवात केली. चुलवाण चांगलं तापलं की चिपाडं स्वच्छ जळतात. जाळ अर्धवट ठेवला तर नुसता धूर आणि काजळी. तुमच्या गाडीचंही तेच झालंय, म्हटलं.

१ एप्रिल २०२० पासून बीएस ६ हे धुराचे कडक नियम लागू झाले आणि नव्या डिझेल मोटारींच्या सायलेन्सरच्या वाटेवर डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारा फिल्टर, आला. आत मधाच्या पोळ्यासारखी बारीक नळ्यांची जाळी असते. धूर तिच्या भिंतींतून गाळून जातो, काजळी आत अडकते. ती साठली की जाळावी लागते, आणि त्यासाठी आत साधारण ६०० अंश तापमान लागतं. हायवेवर लांब पल्ल्याला गाडी चालली की बरीचशी काजळी आपोआप जळते. नाहीतर गाडीचा कॉम्प्युटर स्वतः ती जाळायला घेतो, त्याला रिजनरेशन किंवा नुसतं रिजन म्हणतात. इंजिनात थोडं जास्तीचं डिझेल उशिरा सोडून एक्झॉस्ट तापवतो. हे काम पंधरा-वीस मिनिटं चालतं. मध्येच चावी फिरवून गाडी बंद केली तर काजळी तशीच राहते. पुढच्या वेळी पुन्हा तोच प्रयत्न, पुन्हा जास्तीचं डिझेल. त्यातलं काही सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून खाली ऑइलमध्ये उतरतं.

सरांची गाडी रोज कुठे जाते? राजारामपुरीतून रंकाळ्याला फिरायला, आणि परत. इंजिन नीट तापेपर्यंत रंकाळा आलेला असतो.

"अरे, म्हणून गाडी बंद केल्यावरही पंखा घोंगावत राहायचा होय? काहीतरी करपल्याचा वासही यायचा. मला वाटलं फॅन बिघडला."

ती रिजनरेशन अर्धवट तुटल्याची खूण होती. उभ्या गाडीचं आरपीएम थोडं वाढतं, ॲव्हरेज पडतं, ते रिजनरेशन सुरू असल्याचं लक्षण. अशा वेळी गाडी बंद न करता आणखी थोडं चालवायला हवी. हे त्यांना गाडी विकताना कुणीही सांगितलं नव्हतं, याचा मला आजही राग येतो.

सरांना एका ठिकाणी सल्ला मिळाला होता, फिल्टर आतून पोकळ करून घ्या, सॉफ्टवेअर बदलून देतो, कटकट मिटेल. मी ते काम करत नाही. हा फिल्टर नव्वद टक्क्यांहून जास्त कण अडवतो. तो काढला तर ती काजळी गल्लीतल्या पोरांच्या छातीत जाणार. आणि कायद्यानंही ते चालत नाही.

स्कॅनर लावला. काजळी मर्यादेबाहेर होती, पण फिल्टर वाचवण्यासारखा होता. इंजेक्टर, ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात फिरवणारा व्हॉल्व्ह), प्रेशर सेन्सरच्या नळ्या तपासल्या, सगळं ठीक. स्कॅनरवरून रिजन चालवायच्या आधी ऑइल आणि ऑइल फिल्टर बदलला. पातळ झालेल्या ऑइलवर इंजिन तासभर तापवत ठेवणं म्हणजे टर्बो आणि बेअरिंगच्या जिवाशी खेळ. नवीन ऑइल लो-ॲश, म्हणजे कमी राख होणारं, डीपीएफसाठीचंच घातलं. साध्या ऑइलची राख फिल्टरमध्ये साठते, आणि राख कितीही तापवली तरी जळत नाही.

मग गाडी मोकळ्या काँक्रीटवर उभी केली, मागचा कागद, चिंध्या, पालापाचोळा सगळं उचललं. शिरोळकडच्या माझ्या गिऱ्हाइकांना मी हे बजावून सांगतो: रिजन सुरू असताना किंवा नुकतंच झाल्यावर उसाच्या पाचटावर गाडी लावू नका. खालचा एक्झॉस्ट तेव्हा पाचट पेटवण्याइतका तापलेला असतो.

स्कॅनरवरून रिजन चालवलं. अर्ध्या तासाने काजळीचा आकडा खाली आला. डिपस्टिक पुन्हा पाहिली, मग सरांना स्टिअरिंगवर बसवलं आणि हायवेने कागलपर्यंत नेलं. गिअर एक खाली, आरपीएम दोन हजारांच्या वर, वेग साठ-सत्तर. गोकुळ शिरगाव मागे पडलं तेव्हा गाडीने पहिल्यासारखी ओढ घेतली आणि सर मोठ्याने हसले.

परत येताना मी मनातलं बोललो. रोज चार किलोमीटरच फिरायचं असेल तर पुढची गाडी पेट्रोलची घ्या. ही ठेवायची असेल तर आठवड्यातून एकदा कागल. टाकीत डिझेल पुरेसं ठेवा, काटा फार खाली असला तर बऱ्याच गाड्या रिजन सुरूच करत नाहीत. डीपीएफचा एकटा दिवा लागला तर हायवे गाठा. सोबत इंजिनचा दिवा आला किंवा गाडीचा जोर गेला, तर चालवत राहू नका, थेट गॅरेजला या.

आता दर पंधरा दिवसांनी सर कागदावरच्या ऑइलच्या थेंबाचा फोटो पाठवतात. परवाच्या फोटोत नुसता काळा ठिपका होता, भोवती कडं नव्हतं.