बावीस लेकरांचे दोन फेर

डिसेंबरात आमचे वर्ग विरळ होतात. शाळा केज तालुक्यातली. दिवाळी झाली की आईबाप ऊसतोडीला जातात, लेकरं आजीजवळ नाहीतर हंगामी वसतिगृहात राहतात. त्या दिवशी आठवी-नववी एकत्र बसवली होती.

आदल्या दिवशी २ चे २ रा, ३ रा, ५ वा, ७ वा असे घात काढून प्रत्येकातून १ वजा केला होता. उत्तरं आली ३, ७, ३१, १२७. सगळ्या मूळ संख्या. घातांक मूळ असला की उत्तरही मूळच, असं पोरांनी ठरवून टाकलं. मी म्हणालो, ११ वा घात घरी करून बघा.

सकाळी प्रार्थनेआधीच आठवीतली एक मुलगी वही घेऊन उभी. "सर, २०४७ ला २३ नं भाग जातोय. ८९ येतंय." ३ पासून एकेक मूळ संख्या घेऊन तिनं भागाकार केले होते. मी शाबास म्हणेपर्यंत ती पुढं बोलली, "अकरा दुणे बावीस आन् एक तेवीस. अकरा आठे अठ्ठ्याऐंशी आन् एक एकोणनव्वद. दोन्हीत एकच वर उरतोय, सर."

मी हजेरीपत्रक खाली ठेवलं. फ्रेंच गणितज्ञ फर्मानं १६४० मध्ये पत्रातून कळवलेली गोष्ट हीच! विषम मूळ घातांकाच्या अशा संख्येचा कुठलाही मूळ विभाजक घातांकाच्या दुपटीच्या पटीपेक्षा १ नं जास्त असतो.

का असतो, हे दाखवायला सगळ्यांना पटांगणात नेलं. बावीस लेकरांना १ ते २२ आकडे दिले. प्रत्येकानं आपल्या दुपटीच्या आकड्याच्या खांद्यावर हात ठेवायचा. दुप्पट २२ च्या वर गेली तर २३ वजा करायचे. १, २, ४, ८, १६, ९, १८, १३, ३, ६, १२ आणि परत १. अकरा जणांचा फेर पूर्ण झाला. उरलेल्यांनी ५ पासून धरला, तोही अकराचाच. २ चा ११ वा घात २३ नं भागला की बाकी १ उरते, म्हणून फेर अकराव्या पावलाला मिटतो. आणि ११ मूळ असल्यानं त्याआधी मिटूच शकत नाही. सगळी लेकरं अकरा-अकरांत बसणार, म्हणून २३ वजा १ ला ११ नं भाग जायलाच हवा. २३ विषम, म्हणजे वजा १ सम; दुप्पट आली ती त्यातून. असा धडा मी एरवी फळ्यावर उरकला असता.

मग १३ वा घात वजा १, म्हणजे ८१९१. एरवी ८९ पर्यंतच्या चोवीस मूळ संख्या तपासाव्या लागल्या असत्या. आता २६ च्या पटीत १ मिळवून येणाऱ्या मूळ संख्याच, म्हणजे फक्त ५३ आणि ७९. बाकी २९ आणि ५४. मूळ संख्या!

"याहून मोठी द्या," ती म्हणाली. ३१ व्या घाताची दिली : २१४७४८३६४७, मोबाईल नंबराएवढे दहा आकडे. ती मूळ असल्याचं गणितज्ञ ऑयलरनं १७७२ मध्ये दाखवलं होतं. ते मी तिला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी वहीत पहिला भागाकार होता ३११ चा, बाकी ३५. खाली ३७३ लिहून रेघ ओढलेली होती.