अळवाच्या चिखलात एक शनिवार (होनोलुलू)

आमच्याकडे अळू कुणी मुद्दाम लावत नाही, मोरीच्या पाण्यावर ते आपसूक माजतं. त्यामुळे हवाईत जाऊन अळवाच्या शेतात राबणार म्हटल्यावर आईने फोनवरच सुनावलं, "त्यासाठी एवढं तिकीट काढलंस? आपल्या परसात ये की!"

हवाई विद्यापीठाच्या मानोआ आवाराला लागून, ओढ्याच्या काठी कानेवाई नावाची लोइ आहे. लोइ म्हणजे अळवाचं खाचर, आणि अळू म्हणजे तिथला कालो. रान माजलेली ही जागा १९८०च्या दशकात विद्यार्थ्यांनी जुना पाट मोकळा करून पुन्हा लागवडीखाली आणली. महिन्याच्या पहिल्या शनिवारी सकाळी कुणालाही कामाला येता येतं. तरी निघण्याआधी त्या महिन्याची खात्री करून घ्या.

आधी सगळ्यांनी गोल उभं राहून आपलं नाव-गाव सांगायचं, मग चिखलात उतरायचं. गुडघाभर चिखल, वर थंडगार पाणी. पाणी थंड आणि वाहतं हवं, साचून तापलं की गड्डा कुजतो. ओढ्यातून पाट काढायचा, पाणी एका खाचरातून दुसऱ्यात फिरवायचं आणि उरलेलं पुन्हा ओढ्यात सोडायचं. भातखाचरं पाहिलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांनी ओढ्यांचं पाणी वळवलं आणि अशी कितीतरी खाचरं कोरडी पडली. हवाई भाषेत पाणी म्हणजे 'वाई' आणि संपत्ती म्हणजे 'वाईवाई', हे ऐकल्यावर तिथल्या लोकांचा त्याबद्दलचा राग समजतो.

आमच्या गटातल्या एका आजोबांनी कालो उपटला, गड्डा कापून घेतला, वरची पातळ चकती देठांसकट ठेवली, पानं छाटली आणि तेच परत चिखलात रोवलं. याला हुली म्हणतात. म्हणजे कापलेलंच रोप पुन्हा वाढतं, वर्षानुवर्षं. बाजूला फुटणारी पिल्लं म्हणजे ओहा, आणि त्यावरूनच ओहाना, कुटुंब. कथा अशी: वाकेआ आणि होओहोकूकालानी यांचं पहिलं मूल मृत जन्मलं. त्याला पुरलं तिथून कालो उगवला. दुसरा मुलगा हालोआ, तो माणसांचा पूर्वज. म्हणजे कालो हा थोरला भाऊ. त्यामुळे पोइचं, म्हणजे कालोच्या लगद्याचं, भांडं उघडं असताना भांडायचं नाही, अशी रीत. (आमच्या घरात जेवणच झालं नसतं.)

आता कामाचं. पायाला जखम असेल तर चिखलात उतरू नका, लेप्टो कोकणातल्यासारखाच तिथेही आहे. चपला चिखल गिळतो, माझी एक अजून तिथेच आहे. जुने कपडे, टोपी आणि प्यायचं पाणी न्या. कौआई बेटावर जाणार असाल तर हानालेईची खाचरं प्रिन्सव्हिलजवळच्या रस्त्याकडेच्या कठड्यावरूनच पाहा. ती पक्ष्यांच्या अभयारण्यात आहेत, मनाला येईल तसं आत शिरता येत नाही. मला विचाराल तर तो देखावा सुंदर, पण चिखलाची सर त्याला नाही.

पोइ म्हणजे शिजवलेला गड्डा कुटून केलेला जांभळट लगदा. ताजा गोडसर लागतो, दोन-तीन दिवसांनी आंबतो. पहिल्या घासाला नाक मुरडू नका, खारट मासळीबरोबर खा. लाऊलाऊ मात्र चुकवू नका: अळवाच्या पानांत गुंडाळून वाफवलेलं डुकराचं मांस.

आईला फोटो पाठवले. तिचा एकच प्रश्न: "खाजत नाही का?" खाजतं, कच्चं असेल तर. तिथे चिंच घालत नाहीत, तासन्तास शिजवतात.