हातरुमालातली कवळी

मागच्या जानेवारीतली नाईट आहे. नागपूरचा उन्हाळा सगळ्यांना माहीत असतो पण इथली जानेवारीची थंडी पण काही कमी नाही, आणि त्या दिवसात आमच्या आयसीयूत सीओपीडीचे, म्हणजे धुराने फुफ्फुस कायमचं खराब होऊन दम लागणारे पेशंट एकामागून एक येत राहतात, गावाकडचे जास्त.

साडेअकराला काटोलकडची एक आजी आली, सत्तरीच्या पुढची. जन्मात कधी बिडी ओढली नाही पण पन्नास वर्षं चुलीत पऱ्हाट्या आणि तुराट्या जाळून स्वयंपाक केलेला, म्हणजे फुफ्फुसाला काय फरक पडतो धूर कुठून आला त्याचा. घरी गॅस आलाय, पण अंघोळीचं पाणी अजून चुलीवरच तापतं, असं पोरगा सांगून राहिला होता. अँब्युलन्समध्ये १० लिटरवर ऑक्सिजन लावून आणलेलं, मॉनिटरवर रक्तातला ऑक्सिजन ९८ टक्के. पोरगा एकदम निवांत. "घरी लय तडफडत होती सिस्टर, गाडीत ऑक्सिजन लावला तशी झोपून गेली माय."

ती झोपच आम्हाला नको असते ना बाप्पा. अशा पेशंटला ८८ ते ९२ पुरे असतं, त्याच्यावर ऑक्सिजन ओतत राहिलं की कार्बन डायऑक्साइड साचत जातो आणि माणूस गुंगीत जातो, बाहेरून बघणाऱ्याला वाटतं आराम पडला. एबीजी केला, म्हणजे धमनीतलं रक्त तपासलं, पीएच ७.२१, सीओटू ९२; पीएच जितका खाली आणि सीओटू जितका वर तितकं वाईट. आजी हाक मारली की डोळे उघडायची, हूं म्हणायची, परत बंद. डॉक्टर म्हणाले ऑक्सिजन कमी करा, बायपॅप लावा.

बायपॅप हा शब्द कोविडमध्ये घरोघरी पोचला पण बहुतेकांना ते ऑक्सिजनचं मोठं मशीन वाटतं. ते दाबाचं मशीन आहे. श्वास घेताना जास्त दाब, सोडताना कमी, आणि या दोन दाबांच्या फरकामुळे दमलेल्या छातीचं अर्धं काम मशीन करतं, हवा जास्त आत जाते, सीओटू बाहेर निघतो. घेतानाचा दाब १२ आणि सोडतानाचा ५ वर सुरू केलं, मग घेतानाचा १६ वर नेला.

आणि काही होईना. मास्क बसतच नव्हता. गाल आत गेलेले, ओठाच्या कोपऱ्यातून हवा फुर्र फुर्र बाहेर, मशीन लीक ७० लिटर दाखवून राहिलं आणि सारखं अलार्म. मी पट्टे आवळले, नाकावर ड्रेसिंग चिकटवलं म्हणजे कातडी सोलायला नको, मोठा मास्क काढून लहान लावला, तर हवा डोळ्यात जायला लागली. वरून आजीचा अंबाडा, मागचा पट्टा त्याच्यावरून घसरून घसरून वर येत होता, शेवटी पिना काढून केस मोकळे सोडले. तासाभराने परत एबीजी, ७.२०, ९४. म्हणजे एक तास आम्ही वॉर्डाला हवा घालत होतो.

नर्सिंगला असताना आमच्या सरांनी सांगितलेलं, १९५२ ला कोपनहेगनला पोलिओची साथ आली तेव्हा मेडिकलची पोरं श्वास घेता न येणाऱ्या पेशंटसाठी पाळी लावून आठवडे न आठवडे हाताने हवेची बॅग दाबत बसायची. पण तिथे गळ्यात नळी होती, दाबलेली हवा थेट आत. आमच्याकडे मधे फक्त मास्कची कड, तीच बसली नाही तर मशीन कितीचं का असेना.

डॉक्टर म्हणाले, अर्धा तास बघू, नाहीतर ट्यूब टाकू, म्हणजे तोंडातून श्वासनलिकेत नळी घालून व्हेंटिलेटर. सीओपीडीत ट्यूब टाकणं एक वेळ सोपं, काढणं अवघड, कधीकधी आठवडे जातात. मी पोराला कन्सेंटला बाहेर बोलावलं. तो सही करायला खिशातून चष्मा काढायला गेला तर हातरुमालाची एक पुरचुंडी खाली पडली, खट्ट वाजली. म्हणे, "मायची कवळी हाय सिस्टर, तुम्हीच देल्ली होती न मघा."

हो. मीच दिली होती. अ‍ॅडमिशनला फॉर्मवर रकाना असतो, दागिने काढले, कवळी काढली, मी काढली आणि टिक केलं. ट्यूब टाकताना कवळी काढायचीच असते म्हणून हात आपोआप जातो, पण मास्क लावायचा तर नीट बसणारी कवळी तोंडातच पाहिजे, ओठ-गाल तिच्यावर तर टेकतात. अकरा वर्षं झाली मला आयसीयूत. लाज वाटली खरंच.

डॉक्टरांना सांगितलं, ते दोन सेकंद बघतच राहिले. आजीला हलवून उठवलं, वरची खालची दोन्ही घट्ट बसते का पाहिलं, सैल असती तर नसतीच ठेवली, कारण गुंगीत घशात सरकली तर वेगळाच घोळ. पण घट्ट होती. परत मास्क लावला. फुर्र बंद. लीक २५ वर आला आणि छाती पहिल्यांदा नीट वर आलेली दिसली. मी पट्टे उलट थोडे सैल केले.

तिथून मी हलले नाही, शेजारच्या बेडचं सगळं दुसऱ्या सिस्टरने बघितलं बिचारीने. अडीचला ७.२७, ७६. ट्यूबची ट्रॉली डॉक्टरांनी स्वतः ढकलून कोपऱ्यात लावली. पोरगा दाराच्या काचेतून बघून राहिला होता, त्याला हाताने खूण केली पण त्याला काय कळली देव जाणे, तो रडायला लागला, मग बाहेर जाऊन सांगावं लागलं की अरे बरं आहे.

सहाला ७.३४, ६१. आजी टक्क जागी, मास्कच्या आतून काहीतरी बोलून राहिली होती, हाताने डोक्याकडे दाखवत. मला वाटलं डोकं दुखतंय, सीओटू वाढला की दुखतंच. मिनिटभर मास्क उचलला.

"माह्या अंबाडा कोणं सोडला वं?"

आठला हँडओव्हर होता. त्याआधी दोन वेण्या घालून दिल्या, कानामागून, पट्टा मधून जाईल अशा.