एक्सलेटर सोडायचा नाही

शनिवार, रात्री साडेदहा

आज सही केली. तीन दिवस तो कागद देव्हाऱ्याखालच्या खणात पडून होता. मूल अठराच्या आतलं असलं की मोटोक्रॉसच्या, म्हणजे मातीतल्या मोटारसायकल शर्यतीच्या, लायसनसाठी पालकाची सही लागते. या खेळात गंभीर इजा होऊ शकते, जीवही जाऊ शकतो, हे मला ठाऊक आहे, असं लिहून द्यायचं. ठाऊक आहेच. माझी पोरगी, बाय, पंधराची आहे आणि तिच्या उजव्या हासळीवरचा उंचवटा मी रोज बघतो.

बावीस वर्षं मी म्हापशाच्या स्टँडवर पायलट आहे, म्हणजे मोटारसायकल टॅक्सीवाला. पुढचं मडगार्ड पिवळं आणि मागे कुणाच्या तरी घरचं माणूस. माझं पोट एकाच गोष्टीवर चालतं: चढलेला माणूस धडधाकट उतरला पाहिजे. शेवाळलेलं वळण आलं, गुरं आडवी आली, नुसती शंका जरी आली, तरी एक्सलेटर सोडायचा. बाय टाकीवर बसून डिचोलीच्या बाजाराला यायची, तेव्हापासून तिला हेच सांगत आलो.

वागातोरला हिलटॉपवर नोव्हेंबरात रायडर मेनिया, म्हणजे बुलेटवाल्यांचा मेळा, असायचा, तेव्हा भाडी भरपूर मिळायची. एका वर्षी तिलाही सोबत नेलं. डर्ट ट्रॅकवर बुलेटी धुरळ्यात आडव्या होऊन वळत होत्या. परतताना ती वाटभर गप्प. रात्री जेवताना म्हणाली, "बाबा, तो पाय काढून वळतात ना, ते मला शिकायचंय."

85 सीसीची टू-स्ट्रोक पुण्याहून सेकंडहँड आणली. भिशीचे पैसे आणि हिच्या, म्हणजे बायच्या आईच्या, दोन बांगड्या. कोल्हापूर, आंबोली, दोडामार्ग असा पिकअपमधून तिचा प्रवास. मोटोक्रॉसच्या गाडीला लाइट नाही, नंबरप्लेट नाही, साइड स्टँडसुद्धा नाही. हिने पहिल्यांदा बघितली तेव्हा विचारलं, "अहो, पण ही उभी कशी करायची?" लाकडी खोका करून घेतला, त्यावर उचलून ठेवतो.

सराव सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, ओळखीतल्या एकांच्या काजूच्या जागेत. जेसीबीने टेबलटॉप करून घेतलाय: चढ, वर सपाट, पलीकडे उतार. चढावरून सुटायचं आणि थेट उतारावर टेकायचं. पावसाचे चार महिने बंद, कारण ओल्या जांभ्यावर टायर धरतच नाही.

गेल्या फेब्रुवारीत ती पहिल्यांदा तो पूर्ण मारायला निघाली. मी कडेला उभा. वेग बघून माझ्या तोंडून निघालं, "बाय, हळू!" तिने ऐकलं. चढाच्या टोकावर एक्सलेटर सोडला. गाडीचं तोंड खाली गेलं, पुढचं चाक सपाटीच्या कडेवर आपटलं आणि ती हँडलवरून पुढे फेकली गेली. हासळी मोडली. दीड महिना हात गळ्यात.

तिला शिकवणाऱ्या फोंड्याच्या मुलाने नंतर मला शांतपणे समजावलं. टोकावर गॅस सोडला की गाडी नाकावर जाते, तिथे तो धरूनच ठेवायचा. हवेत तोंड खाली जायला लागलं तर थोडा गॅस द्यायचा, मागचं चाक जोरात फिरतं आणि तोंड वर येतं. फारच वर गेलं तर मागचा ब्रेक दाबायचा. म्हणजे माझ्या मागे बसलेल्यांना बावीस वर्षं ज्याने सांभाळलं, त्यानेच माझ्या पोरीला पाडलं. हे गिळायला मला उन्हाळा लागला.

म्हणून या तीन दिवसांत कागद काढायचा, परत ठेवायचा, असं चाललं होतं. मोबाइलवर वाचत बसायचो. सुपरक्रॉसमधून पुढे आलेला बंगळुरूचा सी. एस. संतोष 2015 मध्ये डकार ही लांब पल्ल्याची अवघड रॅली पूर्ण करणारा पहिला भारतीय ठरला आणि 2021 च्या डकारमध्ये असा पडला की डॉक्टरांनी त्याला औषधांनी बेशुद्ध ठेवलं. ऐश्वर्या पिस्से 2018 मध्ये स्पेनला पडली, स्वादुपिंडाला इजा झाली, आणि पुढच्याच वर्षी बाहाचा, म्हणजे रानावनातल्या रॅलींचा, महिलांचा विश्वचषक जिंकून आली. हे मी हिला वाचून दाखवलं. ही बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "त्या पोरीच्या आईने काय केलं असेल हो, त्या वर्षभरात?" याचं उत्तर मोबाइलमध्ये नव्हतं.

आज संध्याकाळी सड्यावरून आल्यावर बायने एअर फिल्टर काढला. हे काम ती कुणाला करू देत नाही. फोमचा फिल्टर लाल मातीने विटेसारखा झालेला असतो. आधी रॉकेलमध्ये, मग साबणाच्या पाण्यात. पिळायचा नाही, पिळला की फोम फाटतो. नुसता मुठीत दाबायचा. सुकला की ऑइल चोळायचं, सगळीकडे सारखं, आणि कडेला ग्रीसचं बोट फिरवायचं. कडेतून आपल्या मातीची चिमूट आत गेली तरी पिस्टन खाते. तिची दहाही नखं लाल होती. ती कडेवरून ज्या सावकाशीने बोट फिरवत होती, ते बघत मी दारात उभा राहिलो. पोरगी बेफिकीर आहे, असं स्टँडवर मला कितीजणांनी ऐकवलंय. त्यांनी हे बोट बघितलेलं नाही.

आत जाऊन खण उघडला.

सही बघून ती काही बोलली नाही, नुसती कागदावर फुंकर मारत राहिली, शाई वाळावी म्हणून. मग विचारलं, "उद्या सरावाला कुठे उभे राहाल?"

"टेबलटॉपपाशी."

"ओरडणार नाही ना?"

"नाही."

"ओरडा, बाबा. पण 'धर' म्हणून ओरडा."

पेट्रोल एक लिटर, ऑइल 25 मिली. बाटली हलवून दाराशी ठेवलीय. फिल्टर गाडीत बसलाय. पिकअप पाचला येईल.